शिडाच्या जुन्या जहाजावर मुलांचा गट नेताना

मुलांना घेऊन पहिल्यांदाच शिडाच्या जुन्या जहाजावर निघालेल्या शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वादळात सापडलो तर?" प्रश्न रास्त आहे. २१ सप्टेंबर १९५७ रोजी 'पामीर' हे चार डोलकाठ्यांचं जर्मन जहाज अटलांटिकमध्ये चक्रीवादळात बुडालं. ८६ जणांपैकी फक्त ६ वाचले, आणि गेलेल्यांत शिकाऊ पोरं पुष्कळ होती. ३ जून १९८४ रोजी बर्म्युडाच्या उत्तरेला 'मार्केस' हे जुनं लाकडी जहाज शर्यतीत असताना वाऱ्याच्या एका झोताने आडवं झालं आणि बघता बघता पाण्याखाली गेलं. त्यावरच्या २८ पैकी १९ जण गेले.

मी अशा सफरींवर गटप्रमुख म्हणून जाते आणि प्रत्येक वेळी एक वही ठेवते. लहानमोठी प्रत्येक दुखापत आणि थोडक्यात टळलेला प्रत्येक प्रसंग तिच्यात लिहिलेला असतो. त्या वहीत वादळ एकदाही नाही. आहे ते असं: कप्पीत चेमटलेलं बोट, दोराने भाजलेले तळवे, जिन्यावरून घसरून सोललेली नडगी, बॅगेच्या तळाशी राहिलेला दम्याचा पंप, आणि धक्का व जहाज यांच्यामधल्या फटीत पडलेला एक बूट. नशिबाने नुसता बूट. वादळाची काळजी कप्तान करतोच, तो त्याचा धंदा आहे. या बाकीच्या गोष्टी मात्र गट नेणाऱ्याच्या वाट्याला येतात, म्हणून हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

१. ठरवण्याआधी जहाज बघून या

फोटोंवर जाऊ नका. फोटोत प्रत्येक जुनं जहाज देखणंच दिसतं. सफरीच्या दोन-तीन महिने आधी प्रत्यक्ष जा आणि कप्तानाबरोबर तासभर बसा. मागायचे कागद हे: प्रवासी नेण्याचा चालू परवाना आणि त्यावर लिहिलेली माणसांची कमाल संख्या, विमा, फुगणाऱ्या तराफ्यांच्या तपासणीची तारीख, आणि डोलकाठ्या, परबाणं (शीड वरून ज्यांना टांगतात ते आडवे वासे) व दोरखंड शेवटचे कोणी आणि कधी तपासले त्याची नोंद. जुन्या जहाजांना ऐतिहासिक म्हणून पुष्कळ ठिकाणी नव्या नियमांतून काही सूट मिळते. सूट असण्यात गैर काही नाही, पण ती नेमकी कशातून आहे ते विचारा. कठडा आजच्या मापापेक्षा बुटका असेल तर तुम्हाला ते आधी माहीत हवं.

तपासणीवर मी एवढा जोर का देते? २१ ऑगस्ट २०१६ रोजी नेदरलँड्समधल्या हार्लिंगन बंदराजवळ एका जुन्या जहाजाच्या डोलकाठीचा वरचा भाग तुटून खाली आला आणि तीन जर्मन पर्यटक जागीच गेले. लाकूड आतून कुजलेलं होतं. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी त्याच देशात शाळेच्या सहलीवर आलेली १२ वर्षांची मुलगी शिडाचं बूम अंगावर पडून मरण पावली. बूम म्हणजे शिडाच्या तळाशी असतो तो जाड आडवा वासा. दोन्ही वेळा जहाज तरंगतच होतं, संकट वरून आलं. लाकूड कुजतं ते लोखंडी कड्यांच्या खाली, सांध्यांत, जिथे पाणी शिरतं आणि वाळत नाही अशा जागी. आणि वरचा चकचकीत रंग ते छान झाकून ठेवतो. तुम्हाला-मला ते बघून कळणार नाही. पण "कड्या काढून खालचं लाकूड कधी पाहिलंत?" एवढं विचारता येतं, आणि चांगल्या कप्तानाला हा प्रश्न आवडतो.

आणखी दोन प्रश्न मी न चुकता विचारते. पहिला: "या मोसमात किती फेऱ्या रद्द केल्यात?" "एकही नाही, आम्ही असल्या वाऱ्याला भीत नाही" असं उत्तर आलं की आभार मानून निघायचं. दुसरा: "पाण्यात पडलेल्या बेशुद्ध माणसाला वर कसं घेता ते दाखवा." सांगा नव्हे, दाखवा. ज्यांनी सराव केलाय ते उठून जाळं, दोर किंवा कप्पी काढून दाखवतात. ज्यांनी केला नाही ते बोलत राहतात.

२. कोणाचा शब्द कुठे चालेल ते आधीच लिहून ठेवा

कप्तानाला जहाज कळतं, तुम्हाला मुलं कळतात. दोघांचं ज्ञान अर्धंच आहे, आणि अपघात बहुधा या दोन अर्ध्यांच्या मधल्या जागेत होतात. 'ते बघत असतील' असं दोघांनाही वाटतं. म्हणून एका कागदावर लिहा: निघायचं की नाही, कुठे जायचं, कोणी डेकवर थांबायचं आणि कोणी खाली, यात कप्तानाचा शब्द अखेरचा. कोणतं मूल कोणत्या कामाला लागेल, कोण दमलंय, कोणाला विश्रांती हवी, हे तुमच्याकडे. आणि एखाद्या मुलाला काही करायचं नसेल तर कप्तानासकट कोणीही त्याला भरीला घालायचं नाही.

एक शब्द मात्र सगळ्यांचा: "थांबा!" जहाजावरचं सगळ्यात लहान मूल ओरडलं तरी सगळे हात जागच्या जागी थांबले पाहिजेत, आणि ओरडणं चुकीचं निघालं तरी त्याला कोणी बोलायचं नाही. एकदा का एखाद्याची "उगाच ओरडलास" म्हणून थट्टा झाली, की खरी वेळ येते तेव्हा कोणी तोंड उघडत नाही.

मोठी माणसं किती न्यावीत याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, ते तुमच्या संस्थेकडून घ्या. माझा स्वतःचा हिशेब दर सहा मुलांमागे एक, आणि त्यावर एक जादा. खलाशी यात धरायचे नाहीत, त्यांना त्यांची कामं असतात. तो जादाचा माणूस कशाला, असं खर्चाकडे बघणारे विचारतात. कारण लाटा सुरू झाल्या की मळमळणारा मोठा माणूस मोजणीतून बाद होतो, वर त्याच्याकडेच कोणाला तरी बघावं लागतं.

३. अर्ज भरून घेताना

आरोग्याची माहिती सगळेच मागतात. जहाजावर जास्त उपयोगी पडतात ते जरा अवघड वाटणारे प्रश्न: झोपेत चालतो का? अंथरूण ओलं होतं का? उंचीची किंवा बंद जागेची भीती? मिरगी, दमा, ॲलर्जी, मधुमेह? पोहता येतं का, आणि येतं म्हणजे किती? 'येतं' याचा अर्थ कुठे तलावाची एक लांबी तर कुठे नुसतं उथळ पाण्यात खेळणं असा असतो. पालकांना सांगा की यामुळे मुलाला सोडून जाणार नाही, फक्त त्याचा बंक खालचा देऊ.

औषधं दोन ठिकाणी ठेवा. दम्याचा पंप, ॲलर्जीचं इंजेक्शन, साखर, अशी तातडीची वस्तू मुलाच्या अंगावर, चेनच्या खिशात. दुसरा संच गटप्रमुखाकडे पाणी न शिरणाऱ्या डब्यात. जहाजावर सामान फार आत, एकावर एक रचून ठेवतात. तिसऱ्या बॅगेखालून पंप उपसून काढेपर्यंतचा वेळ किती लांब असतो ते मी एकदा पाहिलंय आणि तेव्हापासून कानाला खडा लावलाय.

नावांच्या यादीच्या दोन प्रती करा, कागदावर. एक तुमच्याकडे, एक किनाऱ्यावरच्या अशा माणसाकडे की जो फोन उचलतो. त्याला परतीची वेळ सांगा आणि हेही सांगा की अमुक वाजेपर्यंत आमचा निरोप नाही आला तर कोणाला फोन लावायचा.

४. अंगावर काय असावं

बोटं झाकणारे, न घसरणाऱ्या तळव्याचे बूट. चपला, सँडल नकोत. केस घट्ट बांधलेले. गळ्यातल्या ओढण्या-स्कार्फ, टोपीच्या लोंबत्या नाड्या, अंगठ्या, कानातले मोठे डूल हे सगळं धक्क्यावरच काढायचं, कारण कप्पीला केस आणि दोर यांतला फरक कळत नाही. जीन्स नको; ती भिजली की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. थरांचे कपडे, वरून वारा अडवणारं काहीतरी. उन्हाळ्यातही. किनाऱ्यावर घाम येत असतो तेव्हा मुलांना हे पटत नाही, म्हणून यादी पालकांना द्या.

५. धक्क्यावरचा पहिला अर्धा तास

चढण्याआधी लाइफ जॅकेट. इथे घाई करू नका, या लेखातलं काही एकच करायचं असेल तर हे करा.

जॅकेटं एकसारखी नसतात. त्यांची तरंगवण्याची ताकद न्यूटनमध्ये लिहिलेली असते. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला नुसती मदत करतं. शुद्ध हरपलेल्याला ते उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवेल याची खात्री नसते. खुल्या पाण्यात १५० न्यूटनचं, म्हणजे साधारण १५ किलो वजन तोलेल एवढं जॅकेट मी मागते. ते मुलाच्या वजनाच्या मापाचं हवं. मोठ्यांचं जॅकेट पट्टे आवळून लहान मुलाला चढवणं ही नुसती समजूत काढणं झालं. पाण्यात जॅकेट वर राहतं आणि मूल त्यातून खाली निसटतं.

प्रत्येक मुलाजवळ जाऊन स्वतः तपासा. बाहेरच्या जाड कपड्यावरून घातलंय ना? कमरेचा पट्टा असा की तुमची मूठ आत जाईल, दोन मुठी नाही. पायांमधून येणारा पट्टा लावलाय? लावल्यावर मुलाला ताठ उभं करा, जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत आलं तर पुन्हा बांधा. फुगणारं जॅकेट असेल तर आतली गॅसची नळी पिळून घट्ट बसलीय का ते हाताने बघा. ती वापरात हळूहळू सैल होते. शिट्टी कुठे आहे ते मुलाकडून वाजवून घ्या. कानठळ्या बसतील, बसू द्या. आणि एक बजावा: फुगणारं जॅकेट घालून कोणीही खालच्या खोलीत झोपायचं नाही. खोलीत पाणी शिरलं तर ते फुगतं, माणसाला छताला चिकटवतं आणि दाराकडे जाऊ देत नाही.

मग धक्क्यावरून जहाजावर टाकलेल्या फळीवरून एकेक जण, दोन्ही हात रिकामे. बॅगा खलाशी हातोहात देतील. फळीशी एक मोठा माणूस अलीकडे, एक पलीकडे. आणि इथेच पहिला नियम सांगायचा: जहाज धक्क्याकडे सरकताना दिसलं तर हाताने किंवा पायाने ते थोपवायला जायचं नाही. मुलांना जहाज पाण्यावर हलकं वाटतं, एका पायाने ढकलता येईलसं वाटतं. चाळीस टनांचं लाकूड अगदी सावकाश येतं, पण थांबत नाही. मध्ये घालायचा तो रबरी गोळा, म्हणजे फेंडर, पाय नव्हे.

६. डेकची ओळख

खलाशांनी सुरक्षिततेची माहिती दिली तरी तुम्ही आपल्या गटाला घेऊन पुन्हा एक फेरी मारा, बोलत नव्हे तर हात लावत. हा कठडा, याच्यावर बसायचं नाही. हा बूम, इथून इथपर्यंत फिरतो. वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला गेला की तो आवाज न करता येतो आणि माणसाच्या डोक्याच्या उंचीवर येतो. म्हणून त्याच्या पट्ट्यात उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत. हा खाली जायचा जिना, याला तोंड करून उतरायचं, पाठ करून नाही, आणि हातात काही न घेता. चालताना एक हात जहाजासाठी, एक हात आपल्यासाठी.

संडास कसा वापरायचा ते न लाजता, पंप मारून दाखवा. समुद्राशी जोडलेली झडप उघडी राहिली तर आत पाणी येऊ शकतं, आणि मुलं लाजेपायी विचारत नाहीत. थोरल्या मुलग्यांना वेगळं घेऊन सांगा की रात्री कठड्यावरून लघवीला उभं राहायचं नाही. ते हसतील. पट्टीचे खलाशी याच कारणाने पाण्यात पडले आहेत, हेही सांगा.

७. दोर

मुलांना सगळ्यात जास्त मजा दोर ओढण्यात येते, आणि माझ्या वहीतली निम्मी पानं दोरांचीच आहेत. म्हणून इथे जरा रेंगाळते.

तेरा वर्षांचा एक मुलगा, अंगाने दणकट, शीड चढवायच्या रांगेत सगळ्यात पुढे. हातातून दोर निसटतोय असं वाटल्यावर त्याने तेच केलं जे कोणीही करेल: दोराचा एक वेढा पंज्याभोवती घेतला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक शिडात भरली. दोर मागे गेला, आणि त्याच्याबरोबर मुलगा कप्पीकडे. शेजारच्या खलाशाने "सोड!" असं ओरडत दोरावर आपलं सगळं वजन टाकलं म्हणून हात कप्पीपासून वीतभर अंतरावर थांबला. मुलाने सोडला नव्हता, कारण त्याला सोडता येतच नव्हता. वेढा हाताला आवळला होता. संध्याकाळपर्यंत पंज्यावर दोराचे पीळ मोजता येतील असे वळ उमटले होते.

ते वळ मी गटातल्या सगळ्यांना दाखवले, मुलाच्या परवानगीने. माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा त्यांनी जास्त काम केलं.

सांगायचं ते असं. दोर हातात धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. कप्पीपासून किंवा खुंटीपासून हात कमीत कमी दोन वीत लांब. निसटायला लागला तर मुठीतून सरकू देऊ नका, सोडून द्या. सरकणारा दोर तळवा भाजतो. डेकवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, ते वेटोळं केव्हा पळायला लागेल सांगता येत नाही. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, कारण तुटला तर तो त्याच रेषेत चाबकासारखा परततो. आणि खुंटीला बांधलेला दोर सोडायचा तो फक्त खलाशाने नाव घेऊन सांगितल्यावर. जहाजावर शेजारी शेजारी वीस खुंट्या असतात आणि त्यांतल्या एकीवर कदाचित डोक्यावरचं परबाण तोललेलं असतं.

मोठ्यांनी लक्षात ठेवायची एक गोष्ट: वारा दुप्पट झाला की शिडावरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. सकाळी १० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वाऱ्यात जो दोर चार मुलांनी हसतखेळत धरला, तोच दुपारी २० नॉटमध्ये त्यांच्या आवाक्याबाहेर असतो. मुलांना हे कळत नाही. सकाळी जमलं होतं म्हणून ती पुन्हा धावतात. वारा वाढला की कामं पुन्हा वाटायची, आणि ते कप्तानाला आठवण करून द्यायला संकोचू नका.

८. डोलकाठीवर चढणं

चढू द्यायचंच का? मी म्हणते, द्यायचं, जहाज धक्क्याला बांधलेलं असताना आणि अटी पाळून. पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे दोराला अडकवता येणारे अंगभर पट्टे, कमरेचा नुसता पट्टा नाही. चढताना पहिल्या पावलापासून वरपर्यंत सतत अडकवलेलं राहता येतं का ते विचारा. काही जुन्या जहाजांवर वर पोहोचल्यावरच हार्नेस अडकवायची पद्धत आहे, आणि ती मुलांसाठी मला मान्य नाही. खिसे रिकामे: दहा-पंधरा मीटरवरून पडलेला फोनसुद्धा खालच्याचं डोकं फोडतो. खाली कोणी उभं राहायचं नाही.

पाय आडव्या पायऱ्यांवर, हात मात्र उभ्या दोरांवर. आडवी पायरी झिजून तुटू शकते, उभे दोर डोलकाठीच पेलत असतात. समुद्रात चढायची वेळ आलीच तर वाऱ्याकडच्या बाजूने, म्हणजे जहाज कललं की अंग दोरांवर रेलतं. अर्ध्यावर थांबलेल्या मुलाला खालून "जमेल, जा जा" असं ओरडणाऱ्यांना गप्प करा. अर्ध्यावरून परत येणं हे चढण्याइतकंच चांगलं आहे, आणि तसं त्याला सगळ्यांसमोर सांगा.

९. कोणी पाण्यात पडलं तर

जहाज ५ नॉटने चाललं असेल तर मिनिटाला दीडशे मीटर पुढे जातं. शिडाचं जुनं जहाज जागेवर थांबत नाही, वळायलाही वेळ घेतं. तोवर लाटांमध्ये फुटबॉलएवढं डोकं दिसेनासं होतं. म्हणून पहिले काही सेकंद मुलांच्या हातात असतात, आणि त्यांना नेमकं काय करायचं ते पाठ हवं.

जो पाहील त्याने ओरडायचं: "माणूस पाण्यात!" आणि कोणत्या बाजूला ते. जवळचा लाइफबॉय (फेकायचं तरंगणारं कडं) आणि हाताला लागेल ते तरंगणारं सगळं फेकायचं. आणि एकाने बोट दाखवत राहायचं: हात ताणून, नजर न हलवता, काही झालं तरी दुसरं काम न करता. हे काम मूल उत्तम करतं. उडी मात्र कोणीही मारायची नाही, सख्खा भाऊ पाण्यात असला तरी.

जे पडलं त्याला काय करायचं हेही शिकवा. थंड पाण्यात पहिलं एक मिनिट श्वास आपला राहत नाही, धाप लागते आणि तोंडात पाणी जातं. त्या मिनिटात पोहायचं नाही, तरंगायचं आणि श्वास ताब्यात घ्यायचा. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. अगदी थंड पाण्यातसुद्धा शुद्ध हरपायला तासभराच्या आसपास लागतो. जॅकेट अंगावर असेल तर हा तास मिळतो. नसेल तर त्या पहिल्या मिनिटातच सगळं आटोपू शकतं. पाण्यात गुडघे छातीशी घ्यायचे, एकाहून जास्त जण असतील तर एकमेकांना बिलगायचं.

बंदर सोडल्यावर पहिल्या तासाभरात याचा एकदा सराव करा, फेंडर पाण्यात टाकून. मुलं घड्याळ लावतात आणि फेंडर परत मिळायला लागलेला वेळ बघून आपोआप गंभीर होतात.

१०. मोजणं, झोपणं, आणि मोठ्यांचं वागणं

डोकी मोजू नका, नावं घ्या. एकदा आमची संख्या बरोबर भरली आणि तरी एक मूल कमी होतं. शेजारच्या गटातला एक जण आमच्यात येऊन उभा होता. आमची मुलगी पुढच्या भागात शिडांच्या ढिगावर शांत झोपली होती. चढताना, निघताना, जेवणाला, अंधार पडताना, उतरताना, प्रत्येक वेळी नाव पुकारायचं आणि उत्तर त्याच मुलाच्या तोंडून घ्यायचं. "ती खाली आहे" हे मैत्रिणीचं उत्तर चालत नाही.

अंधार पडल्यावर डेकवर एकटं कोणी नाही, आणि जो असेल तो हार्नेसने अडकवलेला. पहारा द्यायचा असेल तर मुलांच्या पाळ्या छोट्या ठेवा.

आता जरा अवघड विषय. जहाजावर भिंती पातळ असतात, दारं कमी असतात आणि जायला दुसरी जागा नसते. ज्या मुलाला कोणाची भीती वाटते त्याला तिथून निघून जाता येत नाही, म्हणून नियम किनाऱ्यापेक्षा कडक हवेत. मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद जागेत एकटं असायचं नाही. बोलायचं असेल तर डेकवर, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. मोठ्यांचे बंक वेगळे. कपडे बदलायच्या वेळा ठरलेल्या. झोपलेल्या मुलाला पहाऱ्यासाठी उठवायचं ते पडद्याबाहेरून नाव घेऊन, बंकच्या फळीवर टकटक करून, अंगाला हात लावून नाही. हे नियम खलाशांना आणि स्वयंसेवकांनाही लागू, आणि ते त्यांना मुलांसमोरच सांगा, म्हणजे नियम काय आहे ते मुलांनाही कळतं. तक्रार कोणाकडे करायची याची दोन नावं द्या, त्यातलं एक किनाऱ्यावरचं.

११. मळमळ, ऊन, गॅस

मळमळणाऱ्याला बादली द्या आणि डेकच्या मध्यावर बसवा. कठड्यावर ओणवं होऊ देऊ नका, पाण्यात पडायचा तो अगदी हमखास मार्ग आहे. क्षितिजाकडे बघायला लावा, जमलं तर सुकाणूवर उभं करा. पुष्कळांना त्याने बरं वाटतं. गोळ्या द्यायच्या असतील तर पालकांच्या लेखी संमतीने आणि निघण्याआधी. पाणी घोट घोट, सगळ्यांना, मागितलं नाही तरी.

खाली स्वयंपाकाचा गॅस असेल तर तो हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जहाजाच्या तळात साचतो. वापर झाला की सिलिंडरपाशी बंद करायचा. झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का आणि तो वाजतो का, ते बटण दाबून बघा. त्या वायूला वास नसतो.

१२. जहाज सोडायची वेळ आली तर

१७ फेब्रुवारी २०१० रोजी 'कॉन्कॉर्डिया' हे विद्यार्थ्यांचं कॅनेडियन जहाज ब्राझीलच्या किनाऱ्यापासून दूर वाऱ्याने आडवं होऊन बुडालं. त्यावर ६४ जण होते, त्यांतले ४८ विद्यार्थी. तराफ्यांवर सुमारे ४० तास काढून सगळेच्या सगळे वाचले. आडव्या झालेल्या जहाजात भिंत म्हणजे जमीन होते आणि ओळखीचा जिना सापडत नाही. म्हणून पहिल्याच संध्याकाळी मुलांना आपापल्या बंकपासून डेकपर्यंत एकदा दिवे घालवून आणि डोळे मिटून, हाताने चाचपत आणा. खालून वर यायचे दोन मार्ग असतील तर दोन्हीकडून. खेळ म्हणून ती हसत हसत करतात.

रेडिओ कुठे आहे आणि १६ नंबरच्या चॅनलवर तीनदा "मेडे" (जीव धोक्यात असल्याची हाक) म्हणून जहाजाचं नाव, जागा, काय झालं आणि माणसं किती ते कसं सांगायचं, हे गटातल्या दोन मोठ्यांना तरी आलं पाहिजे. कप्तानच जखमी असू शकतो. रेडिओशेजारी हे वाक्य लिहून चिकटवलेलं असतं. नसेल तर तुम्ही लिहून चिकटवा, कोणी रागावणार नाही.

१३. शेवटचा अर्धा तास

माझ्या वहीत परतीच्या वेळेच्या नोंदी जाण्याच्या वेळेपेक्षा जास्त आहेत. मुलं दमलेली, लक्ष घराकडे, जॅकेटं कोणीतरी "आता काय, आलोच" म्हणून काढलेली, सगळी एकाच बाजूला पालकांना हात करत कठड्यावर. जहाज बांधून होईपर्यंत जॅकेटं अंगावरच राहतील, आणि दोर फेकणारे सोडून सगळे बसलेले असतील, हे कप्तानाशी आधीच ठरवून ठेवा. बांधायचा दोर मुलांच्या हातात द्यायचा नाही, कितीही हट्ट केला तरी.

मग फळी, पुन्हा एकेक, हात रिकामे. धक्क्यावर नावं. औषधांचा डबा परत. चेमटलेलं बोट ज्याचं असेल त्याच्या पालकांना तुम्ही स्वतः सांगा, मुलाकडून कळण्याआधी. किनाऱ्यावरच्या त्या माणसाला फोन: सगळे उतरले. आणि घरी जाण्याआधी, धक्क्यावरच्या खांबावर बसून वहीत दोन ओळी, कारण उद्यापर्यंत 'थोडक्यात टळलं' ते आठवत नाही.